हरवलेलं ‘नये’ : स्टार्टअपमध्ये फ्रंट-एंडचं काम म्हणजे नक्की काय?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं.)

लोकलमध्ये दाराशी उभे राहून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग पुढचं ऐका. मी कुठे पळून जात नाहीये.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. दोन प्रश्न सारखे येतात. पहिला : ‘ताई, फ्रंट-एंड डेव्हलपर म्हणजे तू दिवसभर नक्की काय करतेस?’ दुसरा जरा काळजीचा : ‘आता एआय सगळं लिहून देतं, मग हे शिकू की राहू दे?’ दोन्हीचं उत्तर आज एकत्र देणार आहे. आणि मध्ये एक गोष्ट सांगणार आहे, एका शब्दाची. तो शब्द आहे ‘नये’.

आधी कामाबद्दल.

तुम्ही फोनवर काहीही उघडता, तिकिटाचं ॲप, बँकेचं पान, कॉलेजचा फॉर्म, तेव्हा त्याला दोन बाजू असतात. एक आतली. माहिती साठवणं, हिशेब करणं, पैसे कापले गेले की नाही ते बघणं. ते बॅक-एंड. दुसरी तुमच्या बोटाखालची. बटण, अक्षरं, रंग, यादी वर सरकवल्यावर काय होतं, नेट गेल्यावर काय दिसतं. ते फ्रंट-एंड, आणि तेच माझं काम. हॉटेलच्या भाषेत सांगायचं तर स्वयंपाकघर त्यांचं, टेबल माझं. गिऱ्हाईक शिव्या कोणाला देतं? टेबलापाशी जो उभा असतो त्याला! (हसू)

हत्यारं तीनच. एचटीएमएल म्हणजे पानाचा सांगाडा : हे शीर्षक, हा परिच्छेद, हे बटण. सीएसएस म्हणजे दिसणं : रंग, आकार, जागा. जावास्क्रिप्ट म्हणजे वागणं : दाबलं की काय होईल. सीएसएसची कल्पना हॉकॉन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली. ते दहा दिवस आम्ही अजून निस्तरतोय, असं आमच्यात गमतीनं म्हणतात. त्यावर मग रिॲक्टसारखी साधनं आली. फेसबुकनं रिॲक्ट २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि आज नोकरीच्या निम्म्या जाहिराती वाचल्या तर वाटतं, जगात दुसरं काही नाहीच.

आता मी कुठे काम करते ते सांगते. नाव नाही सांगणार, पण जागा सांगते. राहायला मुलुंडला, ऑफिस अंधेरी पूर्वेला. रोज मुलुंडहून घाटकोपर लोकलनं, आणि घाटकोपरहून मेट्रो. ही मुंबईतली पहिली मेट्रो, ८ जून २०१४ ला सुरू झाली. वर्सोवा ते घाटकोपर, बारा स्टेशनं, अकरा-साडेअकरा किलोमीटर. त्याआधी मुलुंडच्या माणसानं अंधेरीत नोकरी धरायची म्हणजे दादरला वळसा, नाहीतर साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये आयुष्य काढायचं. आमच्या एरियातली किती तरी पोरं त्या लाइनमुळेच अंधेरीत नोकरी धरू शकली.

आणि अंधेरीत कॉम्प्युटरचं काम काही काल आलेलं नाही. सीप्झ माहितीय ना? त्याच्या नावात सांताक्रूझ आहे, पण आहे अंधेरीत. ते १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभं राहिलं. त्याच्या आजूबाजूला मरोळ एमआयडीसी. एके काळी तिथे कारखान्यांचे भोंगे वाजायचे, आता त्याच गाळ्यांमध्ये काचेची दारं, बीन बॅग आणि फुकट कॉफीचं मशीन. आमचं ऑफिस तसंच. बिल्डिंगच्या खाली अजून एक प्रिंटिंग प्रेस चालते. मीटिंगमध्ये मशीनचा आवाज येतो.

आम्ही चौदा जण होतो. आमचं ॲप लहान पॅथॉलॉजी लॅबसाठी. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विक्रोळी, इथल्या गल्लीतल्या लॅब. रक्त तपासायचं तर ॲपवरून वेळ घ्यायची, घरी माणूस बोलवायचा, रिपोर्ट फोनवर. भाषा चार : इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती. मी जॉइन होण्याच्या आधीपासून मराठी होतं. कोणीतरी एक्सेलच्या शीटमध्ये इंग्रजी वाक्यांसमोर मराठी वाक्यं लिहून दिली होती आणि ती तशीच त्या-त्या जागी भरली होती.

भांडुपची सकाळ

एका सकाळी मी भांडुपच्या एका लॅबमध्ये गेले होते. काउंटरवरच्या टॅबलेटवर नवीन व्हर्जन नीट चालतंय का ते बघायला. सातची वेळ, बाकड्यावर सहा-सात माणसं. एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. फास्टिंग शुगर करायची होती.

रिसेप्शनवरच्या ताईंनी विचारलं, ‘‘मावशी, काही खाल्लं नाही ना?’’

‘‘खाल्लं की. चहा-चपाती.’’

‘‘अहो, ही उपाशीपोटी करायची टेस्ट असते!’’

‘‘तुमच्याच मोबाइलवर लिहिलंय, खाऊन ये म्हणून.’’

ताई म्हणाल्या, असं कसं लिहिलेलं असेल? मावशींनी फोन पुढे केला. मी पण वाकून बघितलं. कार्डावर लिहिलं होतं :

‘सकाळी चहा-नाश्ता करून ये…’

आणि पुढे तीन टिंबं.

मूळ वाक्य होतं : ‘सकाळी चहा-नाश्ता करून येऊ नये’.

मावशी वाचायला चुकल्या नव्हत्या. स्क्रीनवर जे होतं ते त्यांनी बरोबर वाचलं, त्याप्रमाणे बरोबर वागल्या. म्हणाल्या, ‘‘मला वाटलं, घरच्यासारखं लिहितात, करून ये.’’ पवईला तीन घरी स्वयंपाक करतात. त्या दिवशी दोन घरी सुट्टी सांगून आल्या होत्या. ‘‘आता उद्या परत? पैसे कापतात हो सुट्टीचे.’’ आवाज चढवून नाही म्हणाल्या. हिशेब सांगतात तसं सांगितलं.

रिसेप्शनच्या ताईंनी दुसऱ्या दिवशी पहिला नंबर लिहून दिला. त्यांच्या हातात तेवढंच होतं. मावशी गेल्या, आणि मी तिथे त्या टॅबलेटसमोर बसून राहिले.

असं का झालं?

आता इथे जरा लक्ष द्या, कारण फ्रंट-एंड म्हणजे काय, ते इथे कळेल.

सीएसएसमध्ये एक सोय आहे. मजकूर जागेपेक्षा लांब झाला तर उरलेला लपवायचा आणि शेवटी तीन टिंबं दाखवायची. तीन ओळींचं काम आहे, प्रत्येक डेव्हलपरला पाठ असतं. कार्डं सगळी एकसारखी उंच दिसतात, डिझायनर खूश, फाउंडर खूश. गाण्यांच्या यादीत, दुकानाच्या मालाच्या नावात चालूनही जातं.

पण इंग्रजीत आणि मराठीत एक मोठा फरक आहे. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीला येतो. ‘डू नॉट’ आधी, मग काय करायचं नाही ते. शेवट कापला तरी ‘नको’ एवढं तरी कळतं. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘करू नये’, ‘येत नाही’, ‘घेऊ नका’. आपल्याकडे पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय माणूस हो म्हणतोय की नाही ते कळतच नाही! म्हणजे इंग्रजी वाक्याचा शेवट कापला तर तपशील जातो. मराठीचा कापला तर अर्थ उलटा होतो.

त्यात मावशींच्या फोनची अक्षरं मोठी करून ठेवलेली होती. चाळिशीनंतर कोण नाही करत? तुमच्या आईचा फोन बघा. आमच्या ऑफिसमध्ये मात्र सगळं तपासलं जायचं ते महागड्या फोनवर, बारीक अक्षरांत, इंग्रजीत. तिथे वाक्य अगदी फिट बसत होतं. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जगभर जे निकष मानले जातात, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, त्यात स्पष्ट लिहिलंय : मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा केला तरी काही हरवता कामा नये, काही वापरायचं राहता कामा नये. हा नियम २००८ पासून आहे. म्हणजे आम्हाला कोणी नवीन शोध लावायला सांगत नव्हतं.

ऑफिसमधली लढाई

मी त्याच दिवशी हे ऑफिसमध्ये सांगितलं. वेळ अशी की गुंतवणूकदारांना तीन दिवसांनी डेमो द्यायचा होता. ज्यांनी स्टार्टअपमध्ये काम केलंय त्यांना माहितीय, डेमोच्या आधीचे तीन दिवस म्हणजे लग्नघर. नळ गळत असला तरी कोणी बघत नाही, तोरण सरळ लागलं पाहिजे.

आमचा फाउंडर घाटकोपरचा, गुजराती, माझ्याच वयाचा, आम्ही एकमेकांना नावानंच हाक मारतो. माणूस चांगला आहे. तो म्हणाला, ‘‘यार, मराठी में यूजर कितने हैं?’’ आणि डॅशबोर्ड उघडून दाखवला. आकडा लहान होता, खोटं नाही बोलत. म्हणाला, पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू.

आता हा ‘यूजर किती’ प्रश्न तुम्हाला आयुष्यभर ऐकायला मिळणार आहे, म्हणून नीट ऐका. डॅशबोर्डवर कोण दिसतं? ज्यांचं काम झालं ते. जे अडकले, वैतागले, ज्यांनी शेवटी शेजारच्या मुलाकडून इंग्रजीत फॉर्म भरून घेतला, ते त्या आकड्यात मराठी म्हणून दिसत नाहीत. वाईट चालणारं मराठी कमी वापरलं जातं, आणि कमी वापरलं जातं म्हणून ते कोणी सुधारत नाही. आपणच म्हणतो ना, ‘अरे मराठीत काय ठेवलंय, इंग्रजीतच कर.’ सवयीनं म्हणत असू, पण ती सवय अशी लागते.

मी भांडले नाही. मेट्रोत बसून, म्हणजे उभ्या-उभ्या, त्या एक्सेल शीटमधल्या रुग्णांसाठीच्या सगळ्या सूचना काढल्या. तेवीस होत्या. मोठ्या अक्षरांत, साध्या स्वस्त फोनच्या रुंदीला एकेक लावून स्क्रीनशॉट घेतले. नऊ वाक्यांचा अर्थ उलटा होत होता. ‘पाणी पिणे बंद करू नये’चं झालं ‘पाणी पिणे बंद करू…’. ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नयेत’ याचं झालं ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू…’. हे वाचून कोणी खरंच गोळ्या थांबवल्या असत्या तर?

ते सगळे प्रिंट काढले. खालच्या प्रेसवाल्या काकांनी काढून दिले, पैसे घेतले नाहीत. आणि फाउंडरच्या टेबलावर ठेवले. मराठी त्याला जेमतेम वाचता येतं. मग मी म्हटलं, हेच गुजरातीत बघ. ‘नास्तो करीने आववुं नहीं.’ आणि शेवटच्या शब्दावर हात ठेवला. तो दोन सेकंद गप्प बसला. म्हणाला, ‘‘मम्मी को तो हम गुजराती में ही डालके देते हैं.’’

बास. त्या संध्याकाळी काम सुरू झालं.

डेमोआधीच झालं, कारण काम फार नव्हतंच. पण कोडपेक्षा जास्त वेळ कशाला लागला सांगू? वाक्यांना. नुसतं कार्ड उंच करून भागणार नव्हतं. आम्ही वाक्यंच बदलली. ‘चहा-नाश्ता करून येऊ नये’ ऐवजी ‘उपाशीपोटी या. पाणी चालेल.’ महत्त्वाचं आधी, वाक्य लहान, नकार शक्य तिथे काढलाच. आणि नियम केला : तब्येतीची सूचना कधीही कापायची नाही, कार्ड कितीही लांब झालं तरी चालेल. हा नियम आम्ही तपासणीच्या प्रोग्रॅममध्येच घातला. कोणी नंतर कापायला गेलं तर तिथेच लाल दिवा लागतो.

त्या मावशींचे त्या दिवसाचे पैसे मात्र कोणी भरून दिले नाहीत. ते मी विसरत नाही.

आपली अक्षरं वेगळी आहेत

यानंतर मी देवनागरीच्या नादाला लागले ती लागलेच. काही गमती सांगते, डेव्हलपर नसाल तरी मजा येईल.

तुमचं नाव ‘क्षितिज’ आहे असं धरा. तुमच्या-आमच्या डोळ्यांना अक्षरं तीन : क्षि, ति, ज. कॉम्प्युटर ते सात मोजतो, कारण ‘क्षि’ म्हणजे त्याच्या लेखी क, हलन्त, ष आणि वेलांटी. म्हणून ‘नाव दहा अक्षरांत लिहा’ असं बंधन इंग्रजी डोळ्यांनी घातलं की मराठी नाव मध्येच तुटतं. अक्षरं माणसासारखी मोजायची सोय आता जावास्क्रिप्टमध्येच आहे आणि एप्रिल २०२४ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालते. वापरणारे कमी.

एसएमएसचं तर विचारू नका. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि तीसुद्धा काना-मात्रा-वेलांटी धरून. म्हणून तुमच्या बँकेचा मराठी मेसेज तुटक वाटतो, किंवा येतच नाही.

अक्षरांमध्ये मोकळी जागा टाकली की इंग्रजी शीर्षक देखणं दिसतं. तेच मराठीला केलं की शिरोरेघ तुटते. दोन ओळींत अंतर कमी ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आपटतात. पानाच्या कोडमध्ये ‘ही भाषा मराठी’ असं एकदा सांगावं लागतं. ते सांगितलं आणि फॉन्ट नीट बनवलेला असला, तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदीच्या वळणाचे. ही वळणं राज्य सरकारनं शासन निर्णयात ठरवून दिलेली आहेत. आणि ‘ॲप’मधला तो ‘ॲ’? युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे, पण ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. ‘ॲप’ लिहायला आधी जुगाड करावा लागायचा!

आणि हे सगळं काम कोणी परदेशात बसून केलेलं नाही बरं का. आपल्याच उपनगरात झालंय. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट, ज्यावर एका पिढीनं मराठी टाइप केलं, तो आर. के. जोशींनी केला. ते पवईला आयआयटीच्या आयडीसीमध्ये शिकवायचे, नंतर जुहूला एनसीएसटीमध्ये, म्हणजे आताच्या सी-डॅकमध्ये काम करायचे. २००८ मध्ये ते गेले. आज आम्ही जे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ फॉन्ट वापरतो, ते मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी केलेत, आणि फुकट आहेत, कोणीही वापरावेत. मी रोज पवईच्या पलीकडून अंधेरीला जाते आणि मला हे कॉलेजमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण स्टेटस ठेवले, अभिमान वाटला. छानच आहे. पण भाषा जिवंत आहे की नाही ते भांडुपच्या काउंटरवर ठरतं. तिथे ‘नये’ दिसलं पाहिजे.

आणि हा नुसता अभिमानाचा मुद्दा नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, दृष्टिहीन आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या लोकांच्या केवायसीच्या प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. डोळे मिचकावल्याशिवाय फोटो घेणार नाही, असं म्हणणारी स्क्रीन कोणीतरी बनवलेली असते ना? ती बनवणारा फ्रंट-एंडवालाच असतो.

मग एआयचं काय?

आता दुसरा प्रश्न. एआय वापरते का? रोज वापरते. आधी ज्या फॉर्मला अर्धा दिवस जायचा, तो चहा संपेपर्यंत होतो. लपवण्यासारखं काही नाही.

त्या प्रकरणानंतर मी गंमत म्हणून एका एआय टूलला सांगितलं, रुग्णाला मराठी सूचना दाखवणारं कार्ड बनव. बनवलं. देखणं, गोल कोपरे, हलकी सावली. आणि मजकूर? एका ओळीत, शेवटी तीन टिंबं! (हसू) त्याचा दोष नाही. इंटरनेटवरची लाखो कार्डं तशीच आहेत, ते त्यातूनच शिकलं. मी सांगितल्यावर सुधारलंही लगेच. पण सांगायला कोण हवं? ज्याला मराठी वाक्य कुठे वळतं ते माहीत आहे आणि भांडुपच्या बाकड्यावर कोण बसलंय ते माहीत आहे, असं कोणीतरी.

हे खरं आहे की नोकऱ्या आक्रसल्यात. तुम्हाला गोडगोड सांगणार नाही. आमच्याकडेही पुढची गुंतवणूक अपेक्षेपेक्षा कमी आली आणि चौदाचे नऊ झाले. गेलेल्यांत आमची टेस्टर होती, जी माझ्यापेक्षा जास्त चुका पकडायची. तिचं काम आता आम्ही सगळे वाटून करतो आणि तिच्याइतकं चांगलं होत नाही. म्हणून स्टार्टअपमध्ये जाताना तीन गोष्टी विचारून घ्या, लाजू नका. पीएफ कापतात का. नोटीस पिरियड किती. आणि शेअर देणार म्हणतात ते हातात कधी येणार. बहुतेक ठिकाणी चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळतात आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर शून्य. पगार कमी करून शेअर देतो म्हणाले तर घरचं भाडं शेअरमध्ये भरता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

शिकायचं असेल तर

शिकायचं असेल तर क्रम सांगते. रिॲक्टवर उडी मारू नका. आधी तीन महिने साधं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट. एक पान बनवा, कोणाच्या तरी खऱ्या उपयोगाचं. सोसायटीच्या पाण्याच्या वेळा, नाहीतर आईच्या भिशीचा हिशेब. तो उपयोग कोणीतरी करू दे आणि तुम्ही मागे उभं राहून गप्प बघा. बोलायचं नाही, ‘तिकडे दाब’ म्हणायचं नाही. अर्ध्या तासात एका कोर्सपेक्षा जास्त शिकाल.

मग तीन आकडे पाठ करा, मुलाखतीत विचारतात. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत स्क्रीननं काहीतरी प्रतिसाद दिला पाहिजे. आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत. हा तिसरा काय? तुम्ही बटण दाबायला जाता आणि तेवढ्यात वरून जाहिरात येते, बटण खाली सरकतं, आणि तुम्ही भलतंच दाबता. कुर्ल्याला जिना उतरून दोन नंबरवर पोचावं आणि तेवढ्यात घोषणा व्हावी, गाडी चारवर येतेय. तेच ते! ते कमीत कमी झालं पाहिजे.

आणि फोन स्वस्तातला वापरा, निदान तपासायला तरी. नेट मुद्दाम मंद करून बघा. ब्राउझरमध्येच ती सोय असते. विक्रोळी ते घाटकोपर गर्दीच्या वेळी, एका हातानं कडी धरून, अंगठ्यानं चालतंय का बघा. चाललं तर कुठेही चालेल.

शेवटी एक काम देते. आज घरी गेलात की आईचा, आजीचा, नाहीतर बाबांचा फोन घ्या. विचारून घ्या हं! भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा, आणि ते रोज वापरतात ती दोन-तीन ॲप उघडा. बँक, गॅस, दवाखाना. जिथे वाक्य तुटलंय, जिथे अर्थ उलटा झालाय, त्याचा स्क्रीनशॉट काढा. खाजगी माहिती झाका आणि त्या ॲपच्या तक्रारीच्या जागी पाठवा. ‘मराठी नीट नाही’ एवढंच लिहू नका, त्यानं काही होत नाही. लिहा : मूळ वाक्य हे, दिसतंय हे, त्यानं होणारं नुकसान हे. पलीकडे माझ्यासारखीच कोणीतरी बसलेली असते. तिला ऑफिसमध्ये टेबलावर ठेवायला कागद हवा असतो. तो तुम्ही द्या.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात पगाराची बोलणी, म्हणजे मुलाखतीत ‘अपेक्षा किती’ विचारल्यावर काय बोलायचं, त्यावर बोलू. प्रश्न पाठवत राहा, मराठीत पाठवलेत तर आधी वाचेन. काळजी घ्या. भेटू!